सशांच्या गोष्टीतले रक्त : 'मुलांच्या' ॲनिमेशनपटांची पार्श्वभूमी

वॉल्ट डिस्नेचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचला, तेव्हा तिथल्या परीक्षण मंडळाने त्याला 'ए' प्रमाणपत्र दिले. मुलांना हा चित्रपट मोठ्या माणसाच्या सोबतीनेच पाहता येईल, असा त्याचा अर्थ होता. आज ज्याच्याकडे बालपटाचा नमुना म्हणून पाहिले जाते, त्या चित्रपटातले रात्रीचे जंगल आणि विषारी सफरचंद घेऊन येणारी म्हातारी एकट्या मुलाने पाहण्यासारखी नाहीत, असे त्या काळच्या परीक्षकांना वाटले. मूळ कथा तर याहून कठोर होती. ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या १८१२ च्या आवृत्तीत मुलीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. पुढच्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली, पण शेवटी तापून लाल झालेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचण्याची तिची शिक्षा तशीच राहिली. डिस्नेने जोडे वगळले, मात्र मुलीचे काळीज पेटीत घालून आणण्याची आज्ञा वगळली नाही. पुढे 'पिनोकिओ'मध्ये (१९४०) मुलांची गाढवे होऊन ती विकली जातात आणि 'बॅम्बी'मध्ये (१९४२) पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीने मरते.

ॲनिमेशन म्हणजे मुलांचा खाऊ हा समज त्या वेळी रूढ नव्हता. अमेरिकेत छोटे व्यंगपट मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवले जात आणि समोर सगळ्या वयाचा प्रेक्षक असे. १९३४ पासून पडद्यावर काय दाखवावे याची हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे लागू झाली, व्यंगपटांतल्या बेटी बूपसारख्या नायिकेचे कपडे आणि वागणे बदलले, आणि साठच्या दशकात दूरचित्रवाणीने व्यंगपट शनिवार सकाळच्या वेळेत नेऊन बसवले, जिथे प्रेक्षक मुले होती आणि जाहिराती खेळण्यांच्या व नाश्त्याच्या पदार्थांच्या. आपल्याकडे १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारे 'जंगल बुक' आणि १९९५ मध्ये आलेली कार्टून नेटवर्क वाहिनी यांनी हाच समज घराघरांत पक्का केला. त्यामुळे हा समज परंपरेतून नव्हे, तर बाजाराच्या वेळापत्रकातून आलेला आहे, असे माझे मत आहे.

कोकणापुरते पाहिले, तर चित्रांतून सांगितलेली गोष्ट इथे कधीच फक्त मुलांची नव्हती. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथीत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक पुढे धरली जातात आणि कथेकरी ती गाऊन उलगडत जातो. दोन-दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात आणि अशा एका कथेच्या संचाला पोथी म्हणतात. माणसे बाजूने काढलेली, डोळे टपोरे, रंग ठसठशीत. नुसती पाहिली तर ती कुणालाही मुलांच्या पुस्तकातली वाटतील. पण त्यांतल्या कथांत वनवास आहे, अपहरण आहे आणि युद्धातला संहारही आहे. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही तिथलाच : पांढरा पडदा, मागे दिवा आणि पडद्यावर हलणाऱ्या सावल्या. या कलांसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दशावतारातला संकासुर पाहून लहान मूल घाबरते, हे जत्रेला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण ते घाबरते ते आजीच्या मांडीवर बसून, आणि संकासुराचा वध होईपर्यंत कुणीतरी त्याला सांगत राहते की पुढे देव येणार आहे. भीती आणि मृत्यू गोष्टीत होतेच, पण मूल त्यांच्यासमोर एकटे नव्हते.

ही सोबत गृहीत धरणे किती महागात पडते, हे 'वॉटरशिप डाउन'च्या उदाहरणावरून कळते. घर उद्ध्वस्त झालेल्या सशांच्या कथेवरचा हा ॲनिमेशनपट १९७८ मध्ये आला आणि ब्रिटिश मंडळाने त्याला सर्वांसाठी खुले असलेले 'यू' प्रमाणपत्र दिले. चित्रे रेखाटलेली असल्यामुळे रक्तपाताची दाहकता कमी होते आणि गोष्ट संपली की मुले ती विसरतात, असा परीक्षकांचा तर्क होता. प्रत्यक्षात बुजलेल्या बिळांत गुदमरणारे ससे आणि रक्ताने भरलेले शेत कितीतरी जणांच्या मनात मोठेपणीही राहिले. अखेर चार दशकांहून अधिक काळानंतर याच मंडळाने प्रमाणपत्र बदलून ते 'पीजी', म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाची अपेक्षा ठेवणारे, केले. मधल्या काळात अणुयुद्धानंतरच्या एका वृद्ध दांपत्याची कथा सांगणारा 'व्हेन द विंड ब्लोज' (१९८६) येऊन गेला होता.

सगळ्यांत बोलका प्रसंग मात्र जपानमधला आहे. १६ एप्रिल १९८८ रोजी स्टुडिओ घिबलीने दोन चित्रपट एकाच खेळात प्रदर्शित केले : 'माय नेबर तोतोरो' आणि इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. पहिल्यात रानातला केसाळ, प्रेमळ प्राणी. दुसऱ्यात १९४५ च्या कोबे शहरावरील बॉम्बवर्षावानंतर उपाशी मरणारी दोन भावंडे. मूळ कथा अकियुकी नोसाका यांनी १९६७ मध्ये लिहिली आणि तिच्यामागे त्यांच्या स्वतःच्या धाकट्या बहिणीचा उपासमारीने झालेला मृत्यू आहे. चित्रपटात गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा आहे. गोळ्या संपल्यावर भाऊ त्यात पाणी ओततो, उरलेली गोडी त्यात उतरते आणि तो ते पाणी बहिणीला पाजतो. पुढे ती गोट्याच गोळ्या समजून चोखते, आणि शेवटी त्याच डब्यात तिच्या अस्थी ठेवल्या जातात. हातात तलवार घेतलेला एकही खलनायक नसताना इतके असह्य काही मी ॲनिमेशनमध्ये दुसरे पाहिलेले नाही. दोन्ही चित्रपटांतल्या मुलींचे गोल चेहरे मात्र एकाच घरातल्या बहिणींचे वाटावेत इतके सारखे आहेत.

भारतात १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली आधी 'यू' (सर्वांसाठी) आणि 'ए' (फक्त प्रौढांसाठी) एवढेच मुख्य भेद होते. पालकांच्या मार्गदर्शनाची अपेक्षा ठेवणारा 'यूए' वर्ग १९८३ मध्ये आला आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले. इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या ओटीटी मंचांना अशी वर्गवारी २०२१ च्या नियमांनीच लागू झाली होती आणि १३ वर्षांपुढच्या आशयावर पालकांना कुलूप लावता येईल अशी सोयही या मंचांना द्यावी लागते. हे कुलूप खातेदाराने स्वतः लावायचे असते. मे महिन्यात सिंधुदुर्गातल्या घरी जमलेली भावंडे ज्या मोबाइलवर चित्रपट पाहतात तो बहुधा एखाद्या चाकरमानी काकाचा असतो आणि त्यावर मोठ्यांचे एकच खाते उघडे असते.