पेज ब्रेक आणि कॉलम ब्रेक आले कुठून

परवा आमच्या सोसायटीच्या वार्षिक अहवालाची वर्ड फाइल माझ्याकडे आली, ताळेबंदाचं पान मधेच तुटतंय तेवढं नीट करून द्या म्हणून. परिच्छेदाच्या खुणा दाखवणारं बटण दाबलं तर अध्यक्षांच्या मनोगताखाली एकाखाली एक तेवीस एंटर. ताळेबंद नव्या पानावर यावा म्हणून टाइप करणाऱ्यांनी पान संपेपर्यंत एंटर दाबत नेलं होतं. त्यांच्या कॉम्प्युटरवर ते अगदी बरोबर दिसत होतं, माझ्याकडे तो फॉन्ट नव्हता, दुसरा लागला, ओळी जरा उंच झाल्या आणि ताळेबंदाचा मथळा पुढच्या पानावर चार ओळी सोडून खाली जाऊन बसला.

मला यात त्यांना नावं ठेवायची नाहीत, कारण हा हात टाइपरायटरवर घडलेला आहे. गोदरेजने १९५५ साली इथे टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि त्यानंतर दोन पिढ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधे जे शिकल्या त्यात पान बदलायची कळ कुठे नव्हतीच. कागद रोलरमधे घालायच्या आधी खालच्या कडेजवळ पेन्सिलीने बारीक खूण करायची, ती खूण दिसायला लागली की समजायचं आता तीन-चार ओळी उरल्या, मग कागद काढायचा, कार्बन लावायचा, नवा जोड चढवायचा. मोकळी जागा सोडायची तर लिव्हर ओढत राहायचं. कॉम्प्युटर आला तेव्हा लिव्हरच्या जागी एंटर आलं आणि बोटांनी तेच काम चालू ठेवलं.

त्या एंटरांच्या जागी खरं तर हवा होता पेज ब्रेक, म्हणजे इथून पुढचं नव्या पानावर ही सूचना. कॉलम ब्रेक म्हणजे तसंच, इथून पुढचं पुढच्या कॉलममधे. वर्डच्या मेनूत हे दोघे शेजारी शेजारी बसलेले असतात म्हणून ते भाऊभाऊ वाटतात, पण दोघांची घराणी वेगळी आहेत. पेज ब्रेक आला कॉम्प्युटरच्या मशीनरूममधून आणि कॉलम ब्रेक छापखान्यातून.

आधी पेज ब्रेकचं. सुटा कागद हाताने बदलता येतो, पण सलग कागद, म्हणजे दोन्ही कडांना भोकं असलेला, घडीघडीचा, तो प्रिंटरमधून धावायला लागला तेव्हा यंत्राला कुणीतरी सांगायला हवं होतं की आता पुढच्या घडीवर जा. आयबीएमचा १४०३ हा लाइन प्रिंटर १९५९ सालचा, मिनिटाला ६०० ओळी छापायचा. त्यात एक कागदी पट्टी असायची, तिची दोन टोकं चिकटवून कडं केलेलं. छापायच्या पानाला जितक्या ओळी तितकं ते कडं लांब, आणि कागद सरकेल तसं तेही फिरायचं. पट्टीवर १२ उभ्या रांगा, हव्या त्या जागी भोक पाडायचं. १ नंबरच्या रांगेतलं भोक म्हणजे पानाची पहिली ओळ, १२ नंबरचं म्हणजे पान संपत आलं. प्रोग्रामने "१ नंबरवर जा" म्हटलं की ते भोक पट्टी वाचणाऱ्या ब्रशखाली येईपर्यंत कागद सर्रकन पुढे जायचा.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की पान किती लांबीचं आहे हे प्रोग्रामने मोजायची गरजच नव्हती. तो फक्त नवीन पान मागायचा, कुठे थांबायचं ते कड्याला ठाऊक. बिलाचा छोटा फॉर्म लावला की बिलाचं कडं चढवायचं, चेकचा लावला की चेकचं, प्रोग्राम तोच. फोर्ट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेत तर ओळीचं पहिलं अक्षर छापलंच जायचं नाही, ती जागा प्रिंटरला हुकूम द्यायला राखीव, तिथे १ लिहिला की नवीन पान.

मग १९६३ साली आस्की आली, अक्षरांना ठरावीक नंबर देणारी, आणि त्यात १२ नंबर मिळाला फॉर्म फीडला. नावातच फॉर्म आहे, कारण त्या प्रिंटरांवर बिलं, चेक, पगारपत्रकं असले छापील फॉर्म चालायचे. कीबोर्डवर हाच नंबर कंट्रोल-एल दाबून निघतो, कारण एल हे इंग्रजी मुळाक्षरांतलं बारावं. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात प्रोग्रामरांसाठीच्या नियमावलीत अजूनही सांगितलेलं आहे की कोडची मोठी फाइल या अक्षराने भागांमधे तोडा, म्हणून जुना सोर्स कोड उघडला की मधेच एक एकटीच ^ची टोपी घातलेली एल भेटते.

आपल्याकडे हा फॉर्म फीड बहुतेकांनी बघितला तो डॉट मॅट्रिक्सवर. ऑनलाइनचा दिवा घालवायचा, एफएफचं बटण दाबायचं, कर्रर करून कागद एक पान पुढे. मी सुरुवातीला एका ऑफिसात होतो तिथे पगाराच्या स्लिपा अशा निघायच्या आणि एकदा नवीन प्रोग्राम आला तेव्हा पहिली स्लिप बरोबर, दुसरी एक इंच वर सरकलेली, तिसरी दोन इंच, पुढे तर नाव एका पानावर आणि एकूण पगार फाडायच्या रेषेच्या पलीकडे. कारण शोधायला दुपार गेली. त्या प्रोग्रामने अमेरिकन ११ इंची कागद धरला होता, इंचाला ६ ओळी म्हणजे ६६ ओळी, आणि आमचा कागद १२ इंची, म्हणजे ७२. फॉर्म फीड पाठवायच्या ऐवजी तो उरलेल्या कोऱ्या ओळी मोजून पाठवत होता. म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यानेही एंटर दाबत पान भरलं होतं, सोसायटीच्या अहवालात तेच घडलं तसंच.

कागदावरची ही सूचना मजकुरात शिरली ती १९६४ मधे. एमआयटीत जेरोम सॉल्टझर यांनी रनऑफ नावाचा प्रोग्राम लिहिला, त्यात मजकूर साधा टाइप करायचा आणि मधे टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी टाकायच्या, त्या छापल्या जात नाहीत, त्या सूचना. त्याचाच वंश पुढे बेल लॅब्स या प्रयोगशाळेतला रॉफ. तिथेच बनलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला सुरुवातीच्या काळात घरातलं पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते बेल लॅब्सचाच पेटंट विभाग, त्यांना अर्ज टाइप करायला हे हवं होतं. तिथून आलेल्या एनरॉफमधे डॉट बीपी म्हणजे नवीन पान सुरू कर, आणि डॉट एनई म्हणजे इतक्या ओळींची जागा लागणार आहे, नसेल तर पुढच्या पानावर जा.

वर्डस्टार हा वर्डच्या आधीचा टायपिंगचा प्रोग्राम १९७८ चा, आणि ज्यांनी तो वापरलाय त्यांना डॉट पीए आठवत असेल, नवीन ओळीवर टिंबापासून सुरू करून टाइप करायचा आणि स्क्रीनवर आडव्या रेघांची पट्टी, उजव्या टोकाला पी. ती पट्टी आपोआप पान संपलं तरी यायची. पण मला जास्त आवडायचा तो डॉट सीपी. डॉट सीपी ८ लिहिलं की याचा अर्थ, खाली ८ ओळी मावत असतील तर इथेच लिही, नाहीतर पान बदल. तक्त्याच्या आधी, सह्यांच्या जागेच्या आधी हा टाकला की निर्धास्त. आज वर्डमधे कीप विथ नेक्स्ट आणि कीप लाइन्स टुगेदर आहेत ते हेच काम करतात, पण ते परिच्छेदाच्या डायलॉगमधे दुसऱ्या टॅबखाली, तिकडे सहसा कुणी जात नाही.

डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक (TeX) या पुस्तकाची पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामने तर पान तोडण्याला किंमतच लावली. प्रत्येक जागेला एक दंड, १०००० असेल तर इथे कधीच तोडू नकोस, उणे १०००० असेल तर तोडच. एखाद्या परिच्छेदाची एकच ओळ पानाच्या तळाशी किंवा माथ्याशी एकटी उरली तर त्यालाही दंड. म्हणजे सक्तीचा पेज ब्रेक हा तिथे काही वेगळा प्राणी नाही, तो त्याच हिशोबातलं एक टोक आहे. इतकं स्वच्छ उत्तर मला दुसऱ्या कुठल्या प्रोग्राममधे सापडलेलं नाही.

पान तोडायची कंट्रोल-एंटर ही जोडी घराघरात नेली ती वर्डपरफेक्ट या टायपिंगच्या प्रोग्रामने. त्यांचं ५.१ हे १९८९ चं व्हर्जन, निळा स्क्रीन, आणि एक बटण दाबलं की खालच्या अर्ध्या भागात सगळे कोड उघडे पडायचे. आपण स्वतः तोडलेलं पान वेगळ्या खुणेने, आपोआप तुटलेलं वेगळ्या, दोन्ही चौकटी कंसात. कुठलं पान मी तोडलं आणि कुठलं भरून आलं म्हणून तुटलं हे ज्याला तिथे दिसलं त्याला पुन्हा समजवावं लागलं नाही.

त्याच वर्डपरफेक्टमधे कॉलम दोन प्रकारचे होते, पेपरसारखे आणि समांतर, आणि इथे आपण दुसऱ्या घराण्यात येतो.

कॉलम ही गोष्ट पानाइतकीच जुनी. गुटेनबर्गच्या बायबलच्या बहुतेक पानांवर दोन कॉलम आणि प्रत्येकात ४२ ओळी, १४५५ च्या आसपासची गोष्ट. पान रुंद असेल तर ओळ लांब होते आणि डोळा पुढच्या ओळीची सुरुवात चुकतो, म्हणून उभे भाग. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत दर्पण काढलं तेव्हा पानावर दोन कॉलम होते, एकात मराठी आणि शेजारी इंग्रजी. वाचणाऱ्याची नजर आडवी जाऊन ताडून बघू शकते. वर्डपरफेक्ट ज्याला समांतर कॉलम म्हणायचा ते हेच, आणि पेपरसारखे म्हणजे पहिला भरला की मजकूर वाहत दुसऱ्यात.

खिळ्यांच्या छापखान्यात कॉलम तुटायचा तो माणसाच्या हाताने. कंपोझिटर मजकूर जुळवायचा तो आधी गॅलीत, म्हणजे लांब अरुंद ट्रेमधे, पान कुठलं याचा तिथे पत्ता नसतो. मग पान लावताना त्या लांब पट्टीचे तुकडे करून कॉलममधे बसवायचे. मथळा तळाला आला आणि खाली एकच ओळ मावतेय, तर मथळा उचलून शेजारच्या कॉलमच्या माथ्यावर, आणि मागे पडलेला खड्डा ओळींच्या मधे शिशाच्या पातळ पट्ट्या घालून भरायचा. हा निर्णय म्हणजेच कॉलम ब्रेक. छापखान्यात तो दिवसातून शेकडो वेळा व्हायचा आणि त्याला वेगळं नाव द्यायची कुणाला गरज वाटली नाही, ते पान लावण्यातच आलं.

१९८५ ला अल्डस कंपनीचा पेजमेकर हा कॉम्प्युटरवर पान लावायचा प्रोग्राम आला आणि पुढे गल्लोगल्ली डीटीपी सेंटरं झाली, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका. तिथेही कॉलम तोडायचा हाताने, मजकुराच्या चौकटीच्या तळाची कडी माउसने वर ओढायची, उरलेला मजकूर आत असेल तर कडीत लाल त्रिकोण दिसायचा, त्यावर क्लिक करून पुढच्या कॉलममधे ओतायचा. गॅली आणि पान लावणं हीच रीत, फक्त शिसं नाही.

वर्डने यापेक्षा वेगळी वाट घेतली. १९८३ पासूनच्या या प्रोग्रामने दोन्ही घराणी एका मजकुरात आणली, म्हणजे तोडायची जागा ही एक अक्षर झाली, बाकीच्या अक्षरांसारखी डिलीट होणारी, कॉपी होणारी. मॅक्रो लिहिणाऱ्यांना माहीत असेल, वर्डमधे पेज ब्रेकचा नंबर १२ आहे, तोच जुना फॉर्म फीड. कॉलम ब्रेकचा १४. कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबलं की तो पडतो. आता ज्या तक्रारी नेहमी ऐकू येतात त्यांचं उत्तर इथेच आहे. एकच कॉलम असलेल्या मजकुरात कॉलम ब्रेक टाकला तर मजकूर थेट पुढच्या पानावर जातो, कारण पुढचा कॉलम पुढच्याच पानावर आहे. पान अगदी काठोकाठ भरलेलं असताना शेवटी पेज ब्रेक टाकला आणि तो स्वतःच पुढच्या पानावर ढकलला गेला की मधे एक कोरं पान येतं, डॉट मॅट्रिक्सवर एफएफ दोनदा दाबल्यावर यायचं तसंच. आणि कॉलमची संख्या बदलायची असेल तर ब्रेक पुरत नाही, सेक्शन ब्रेक लागतो, कारण किती कॉलम हे सेक्शन, म्हणजे फाइलचा स्वतःची मांडणी असलेला भाग, ठरवतं.

लिबरऑफिस या वर्डसारख्याच मोफत प्रोग्राममधे पेज ब्रेक अक्षर नाहीच, तो परिच्छेदाचा गुण आहे, या परिच्छेदाच्या आधी पान बदल. वर्डमधेही हा पर्याय पेज ब्रेक बिफोर नावाने आहे. मला तो जास्त पटतो, कारण मथळा जिथे जाईल तिथे सूचना त्याच्यासोबत जाते, मागे अनाथ राहत नाही.

मराठीत हे जास्त टोचतं याला कारण आहे. वर्षानुवर्षं आपण जुन्या, प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या फॉन्टांत टाइप केलं, आता ते युनिकोडमधे आणायचं चाललंय. देवनागरीत वर वेलांटी, रफार, मात्रा आणि खाली उकार, फॉन्ट बदलला की ओळीची उंचीही बदलते आणि रुंदीही. इंग्रजीत एंटर मारून बसवलेलं पान एखादवेळेस तग धरतं, आपलं धरत नाही. गूगल डॉक्सने २०२२ मधे पानच नसलेली फाइल आणली, स्क्रीनवर वाचायला ती चांगली आहे, पण अहवाल शेवटी एफोरवर छापून सभासदांच्या हातात द्यायचा असतो.

त्या फाइलमधले तेवीस एंटर मी काढले आणि ताळेबंदाच्या मथळ्याला पेज ब्रेक बिफोर लावलं. सभासदांची यादी दोन कॉलममधे होती, ए विंगची शेवटची दोन नावं दुसऱ्या कॉलममधे सांडली होती, तिथे अक्षरं अर्धा पॉइंट लहान केली आणि बी विंगच्या आधी एक कॉलम ब्रेक टाकला. मग फॉन्ट मंगल करून बघितला, परत दुसरा लावून बघितला. ताळेबंद दोन्ही वेळा पानाच्या माथ्यावरच होता.