सिंहाला भुवया नसतात

जुन्या कार्टूनपटांचे लाइव्ह अ‍ॅक्शन, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या खऱ्या चित्रपटासारखे, अवतार काढावेत का, हा वाद सुरू झाला की गाडी हटकून पैशावर येऊन थांबते. कंपन्यांना नवं काही सुचत नाही, लोकांच्या बालपणावर गल्ला भरायचा, वगैरे. त्यात खोटं काही नाही. २०१९च्या 'द लायन किंग'ने जगभरात दीडशे कोटी डॉलरच्या वर कमाई केली. पण या वादाचा एक धागा थेट चेहऱ्याच्या स्नायूंशी जोडलेला आहे, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्या चित्रपटाला लाइव्ह अ‍ॅक्शन म्हणणंही तसं धाडसाचंच. सुरुवातीचं एक दृश्य सोडलं तर सगळा चित्रपट संगणकावर घडवलेला आहे. गवत, धूळ, आयाळीतला केस न् केस. आमच्या जळगाव-भुसावळकडे पुष्कळांनी तो हिंदीत पाहिला, शाहरुख आणि आर्यन या खान बापलेकांच्या आवाजात. बाप मेल्यावर सिंबा हा छावा त्याच्या अंगाशी जातो, तेव्हा माझ्या मागच्या रांगेतल्या पोराने आईला विचारलं, "माय, हाऊ रडी ऱ्हायना का जांभई दी ऱ्हायना?" आजूबाजूचे हसले. प्रश्न मात्र बिनतोड होता.

माणसाचं कपाळ उघडं आणि त्यावर भुवया ठसठशीत. भुवई जराशी हलली तरी चार हातांवरून दिसते. डोळ्याचा पांढरा भागही आपला चांगलाच उघडा असतो. जपानी संशोधकांनी वानरकुळातल्या अनेक जातींचे डोळे मोजून पाहिले, तेव्हा माणसाचं हे वेगळेपण ठळकपणे पुढे आलं. समोरचा कुठे बघतोय हे आपल्याला पटकन कळतं, ते या पांढऱ्यामुळे. सिंहाचं कपाळ केसांनी झाकलेलं, भुवया नाहीत, आणि पिवळट डोळ्यात पांढरं जवळजवळ दिसतच नाही. १९९४च्या मूळ कार्टूनपटातल्या सिंबाला चित्रकारांनी भुवया दिल्या, बुबुळाभोवती मोकळी जागा ठेवली आणि ओठ हवे तसे वळवले. म्हणजे धड सिंहाचं, चेहरा माणसाचा. हे उसनं घेणं जुनंच आहे. १९४२च्या 'बांबी'साठी हरणाची दोन पाडसं डिस्नेच्या स्टुडिओत आणून ठेवली होती. चित्रकार त्यांची चाल, सांधे, मानेचं वळण तासन् तास टिपत. पण बांबी या पाडसाच्या चेहऱ्यासाठी चित्रकार मार्क डेव्हिस यांनी माणसांच्या तान्ह्या बाळांचे हावभाव अभ्यासले.

तोच सिंह हुबेहूब करायचा म्हटलं की हे उसनं परत करावं लागतं. खऱ्या सिंहाला भुवया लावल्या तर भयंकर दिसेल, न लावाव्यात तर दुःख दाखवायचं कशाने?

गंमत अशी की मेंदूला भावना वाचायला फार थोडं पुरतं. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडून तिकडे सरकतात, एवढीच एक छोटी फिल्म लोकांना दाखवली. जवळजवळ सगळ्यांनी तिच्यात भांडण, दादागिरी, पळापळ अशी गोष्ट पाहिली. त्रिकोणाला तोंडच नाही, म्हणून मेंदू त्याच्याकडे तोंड मागतही नाही. चित्र खऱ्याच्या जवळ सरकू लागलं की मात्र तो काटेकोर होतो. जपानचे रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७०मध्ये असं मांडलं की माणसासारख्या वस्तू आवडत जातात, पण अगदी माणसाच्या जवळ पोचता पोचता एकदम अंगावर काटा आणतात. मोरींचा तो लेख होता, प्रयोग नव्हता. नंतरच्या प्रयोगांचे निकाल संमिश्र आहेत. तरी बाजारात त्याचा पडताळा आला. व्हिडिओगेममधल्या निळ्या सॉनिकला चित्रपटासाठी बारीक डोळे आणि माणसासारखे दात दिले, तेव्हा २०१९च्या ट्रेलरवर एवढी ओरड झाली की तो पुन्हा घडवावा लागला आणि प्रदर्शन २०२०वर गेलं. सुधारणेत डोळे मोठे केले.

बोलण्याची अडचण आणखी वेगळी. प, ब, म म्हणायला ओठ मिटावे लागतात. सिंहाचा जबडा गालापर्यंत फाटलेला. त्याने "बाबा" म्हणायचं कसं? ओठ आणि आवाज जुळले नाहीत तर ऐकू येणारा ध्वनीच बदलू शकतो, हे मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६मध्ये दाखवून दिलं. कार्टूनमध्ये तोंड ढोबळ असतं, म्हणून हिंदी डबिंगही खपून जातं.

खोट्याला खऱ्याचा भास देण्याबद्दल माझी तक्रार नाही. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी घरातल्याच वस्तू टेबलावर मांडून अस्सल वाटणारे निसर्गदेखावे कॅमेऱ्यात पकडले. ती कलाच होती. आणि जनावराला भावना दाखवता येत नाहीत असंही नाही. पोळ्याला शिंगं रंगवताना शेतकरी बैलाच्या तोंडाकडे बघत नाही, कानांकडे बघतो. कान मागे गेले, शेपटी फटकारायला लागली, की हात आवरता घेतो. डोळ्यातलं पांढरं दिसायला लागलं तर बाजूलाच होतो. गायी वैतागल्या की डोळ्याचा पांढरा भाग जास्त दिसतो, हे नॉर्वेतल्या संशोधकांनी मोजूनही दाखवलं आहे.

म्हणून माझं मत असं: माणसांच्या गोष्टी खुशाल पुन्हा काढा. जनावरांच्या काढायच्या असतील तर त्यांना बोलायला लावू नका, अंगाने सांगू द्या. जळगावहून दीड-दोन तासांवरच्या अजिंठ्यात, सतराव्या लेण्यात, मातृपोषक जातक ही बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट रंगवलेली आहे. आंधळ्या आईला सांभाळणाऱ्या हत्तीला राजा पकडून नेतो, तो अन्नपाणी सोडतो, शेवटी सुटून आईकडे येतो. त्या हत्तींची तोंडं हत्तींचीच आहेत. जिव्हाळा आहे तो सोंडेत आणि देहांच्या जवळिकीत. १९४१च्या कार्टूनपटातला 'डम्बो' हा छोटा हत्तीही अख्ख्या चित्रपटात एक शब्द बोलत नाही, आणि कोंडलेली आई गजांमधून सोंड काढून त्याला झुलवते ते दृश्य अजून गळा दाटवतं. २०१९च्या नव्या 'डम्बो'त तर एकही जनावर बोलत नाही, आणि तो छोटा हत्ती खऱ्यासारखा असूनही बघवतो. उरलेला चित्रपट माणसांनी भरून टाकला, ती तक्रार वेगळी.