नागपूरहून न्यूयॉर्कला जायचं, तर विमान आर्क्टिकवरून का?

अमेरिकेच्या विमानात समोरच्या स्क्रीनवर मार्गाची कमान दिसली, की कुणीतरी हमखास म्हणतं, "उगाच वरून वळसा घालतात." तो वळसा नाहीच. तोच सर्वांत जवळचा रस्ता आहे.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून न्यूयॉर्कला थेट विमान नाही, पण हिशेबाला ही जोडी झकास आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने रेघ ओढा: अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को, मग अटलांटिक. अंतर सुमारे १४,६०० किमी. आता शाळेतला पृथ्वीगोल घ्या, त्याच दोन ठिकाणी दोऱ्याची टोकं दाबून धरा आणि दोरा ताणा. तो सरकत वर चढतो आणि पाकिस्तान, ताजिकिस्तान, कझाकस्तान, रशिया, उत्तर स्वीडन, ग्रीनलँड असा जाऊन बसतो. अंतर सुमारे १२,६०० किमी. दोन हजार किलोमीटर वाचले!

कसे? दोन्ही शहरांमध्ये जवळपास १५३ रेखांशांचं अंतर आहे. एक रेखांश ओलांडायला विषुववृत्तावर १११ किमी जावं लागतं, नागपूरच्या अक्षांशावर १०४, साठाव्या अक्षांशावर ५६ आणि ६९व्या अंशाजवळ, जिथे आपला दोरा सर्वांत वर पोचतो, तिथे जेमतेम ४०. म्हणून आधी उत्तरेला चढायचं आणि रेखांश स्वस्त असतील तिथे भराभर ओलांडायचे. भिंतीवरचा आपला नकाशा नकाशाकार मर्केटरच्या पद्धतीचा; त्याने १५६९ साली केलेल्या नकाशात सगळे रेखांश समांतर आहेत, त्यामुळे हा स्वस्तपणा दिसतच नाही. त्या नकाशावरची सरळ रेघ म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून केलेला प्रवास. दोऱ्यावरून जाताना मात्र दिशा सतत बदलते: नागपुरातून निघताना उत्तरेच्या २२ अंश पश्चिमेला, नॉर्वेजवळच्या समुद्रावर थेट पश्चिमेला, पुढे नैर्ऋत्येला.

त्रिकोणमिती आठवत असेल तर स्वतः पडताळा. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवा. उत्तर येतं उणे ०.३९६. हा ११३.३ अंशांचा कोसाइन. एका अंशाला १११.२ किमी धरा, झालं.

पृथ्वी सपाट असल्याचे व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांनी सिडनी ते सँटियागो हे थेट विमान बघावं. हे अंतर सुमारे ११,३०० किमी आहे आणि विमान ते चौदा तासांच्या आत कापतं. उत्तर ध्रुव मधोमध असलेल्या त्यांच्या थाळीसारख्या नकाशावर ते पंचवीस हजारांवर जातं, आणि तेवढं अंतर तेवढ्या वेळात कापणारं प्रवासी विमान आज नाही.

वेळेचं गणित वेगळं. १२,६०० ला ताशी ९०० ने भागलं की चौदा तास येतात, पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. त्यामुळे जाताना वेळ जास्त लागतो, येताना वाचतो. फेब्रुवारी २०२० मध्ये या वाऱ्यावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. शिवाय दोरा सरहद्दी ओळखत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना आधी दक्षिणेला अरबी समुद्राकडे वळावं लागलं आणि प्रवास लांबला.