अरबी समुद्र नावाचं वेटोळं

मे २०२४मध्ये सौरवादळाने लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं, तेव्हा आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरला : ‘उत्तरेला डोकं करून झोपू नका, रक्तातलं लोह खेचलं जातं.’ ते लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं. खिळ्यासारखं चुंबकाकडे धावत नाही. खुशाल हवं तसं झोपा.

अशा वेळी खरी खळबळ होते ती समुद्रात. वर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरात, आणि त्याही पलीकडे विद्युतप्रवाह वाहतात. सौरवादळात ते बदलले की जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि बदलतं क्षेत्र वाहकात वीज निर्माण करतं, हा फॅरेडेचा १८३१चा शोध. शाळेत आपण तारेचं वेटोळं घेतो. इथे वेटोळ्याच्या जागी अरबी समुद्र आहे. खाऱ्या पाण्याची रोधकता, म्हणजे विजेला अडवण्याची ताकद, सुमारे पाव ओहम-मीटर, कोरड्या बेसॉल्टची शेकडो ते हजारो. म्हणून वीज पाण्यात दाटते आणि खडक आडवा आला की किनाऱ्याला समांतर वाहू लागते. उजव्या हाताचा नियम आठवा : त्या प्रवाहाभोवतीचं क्षेत्र किनाऱ्यावर उभं असतं. एकसारख्या सपाट जमिनीवर चुंबकीय क्षेत्राचा उभा घटक या बदलांत फारसा हलत नाही. किनाऱ्यावर तो हलतो. ऑस्ट्रेलियात भूभौतिकशास्त्रज्ञ पार्किन्सन यांनी १९५९मध्ये हे नकाशावरच्या बाणाने दाखवलं. बाण चांगल्या वाहकाकडे, म्हणजे बहुधा समुद्राकडे, वळतो.

मला वेड लावणारी गोष्ट पुढे आहे. हे बदलतं क्षेत्र जमिनीत किती किलोमीटर खोल शिरेल? रोधकता आणि बदलाचा सेकंदांतला कालावधी यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्या, निम्मं करा. रोधकता १०० ओहम-मीटर असेल तर १०० सेकंदांचा बदल ५० किलोमीटर शिरतो, १०,००० सेकंदांचा ५००. समुद्राचा हिशोब वजा करूनही बाण भलतीकडे वळला, तर जमिनीखाली काहीतरी वाहक आहे : भेगांतलं खारं पाणी, अर्धवट वितळलेला खडक किंवा ग्राफाइट. भारत आणि श्रीलंका यांच्यामध्ये प्रवाह असे एकवटल्याचं अभ्यासकांना याच पद्धतीने दिसलं.

खोल पाहायला संथ बदल लागतात, आणि संथ बदलांसाठी वर्षानुवर्षांच्या अखंड नोंदी. कुलाब्यात चुंबकीय मोजणी १८४१मध्ये सुरू झाली. १८५९चं सौर महावादळ तिथे नोंदलं गेलं. विजेच्या ट्रॅम येणार म्हटल्यावर, त्यांचे प्रवाह मोजणी बिघडवतील हे ओळखून, वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी ती अलिबागला हलवली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी ठेवली, म्हणूनच कुलाब्याचे जुने आकडे अलिबागच्या आकड्यांना जोडता येतात. ट्रॅम १९०७मध्ये धावली.