चूकभूल मोजून द्यावी घ्यावी

मे महिन्यातली दुपार, भोसरी एमआयडीसी. पत्र्याच्या शेडखाली पंखे गरम हवाच फिरवत होते. एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटीला नुकताच लागलो होतो. लेथवरून उतरलेली ॲल्युमिनिअमची फ्लँज, म्हणजे जोडणीची गोल चकती, कापडाने पुसली, मायक्रोमीटर हे बारीक माप घ्यायचं उपकरण लावलं, त्याचं रॅचेट तीनदा वाजू दिलं. ड्रॉइंगवर व्यास १०० मिलिमीटर, अधिक-उणे दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रीडिंग आलं १००.००८. पास! अशा चाळीस फ्लँज पास करून ट्रे स्टँडर्ड रूमला, म्हणजे शेवटच्या तपासणीच्या खोलीला पाठवला आणि चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा लॉट रिजेक्टचा लाल टॅग लावून माझ्या टेबलावर. मी तडक स्टँडर्ड रूममध्ये. तिथल्या काकांनी माझाच मायक्रोमीटर मागवून ठेवला होता, त्यानेच माझ्यासमोर कालची पहिली फ्लँज मोजली. ९९.९८७.

"काका, काल मी स्वतः मोजलीय."

"तू फ्लँज नाही मोजलीस रे, ऊन मोजलंस."

त्या एका वाक्याने मला मोजमापाचं शास्त्र जितकं शिकवलं, तितकं नंतर कुठल्या कोर्सने शिकवलं नाही.

हिशेब सोपा आहे. ॲल्युमिनिअमची १०० मिलिमीटरची वस्तू एका अंशाला सुमारे २.३ मायक्रॉन वाढते, पोलादाची त्याच्या निम्मी. शेडमध्ये ३८ अंश, स्टँडर्ड रूममध्ये २०. म्हणजे अठरा अंशांच्या फरकाने फ्लँज ४१ मायक्रॉन फुगली होती. पण मायक्रोमीटर पोलादाचा, तोही त्याच शेडमध्ये तापून २१ मायक्रॉनने ताणला गेला होता. निम्मी चूक त्यानेच गिळली आणि उरलेले वीस-एकवीस मायक्रॉन माझ्या रीडिंगमध्ये येऊन बसले. गंमत अशी, की फ्लँज पोलादाची असती तर शेडमधलं आणि स्टँडर्ड रूममधलं रीडिंग जवळपास सारखंच आलं असतं. जॉब (म्हणजे मशीनवर घडवलेली वस्तू) आणि मायक्रोमीटर दोघेही सारखेच फुगले असते. चूक मोठी असती, पण दोन्हीकडे सारखी असल्याने वजा झाली असती.

२० अंश सेल्सिअस हा आकडा १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरला. ड्रॉइंगवर दुसरं काही लिहिलं नसेल, तर प्रत्येक माप या तापमानाचं धरायचं. म्हणून जॉब रात्रभर ग्रॅनाइटच्या सर्फेस प्लेटवर निवत ठेवतात. काका स्लिप गेजला, म्हणजे नेमक्या मापाच्या पोलादी ठोकळ्यांना, उघडा हात लावू देत नसत. पोलादाचा ५० मिलिमीटरचा गेज बोटांत धरून दोन अंशांनी तापला, तर मायक्रॉनभर वाढतो. आरशासारखे घासलेले दोन गेज एकमेकांवर सरकवून चिकटवले की ते हाताने ओढूनही सहज सुटत नाहीत. त्यांच्यामध्ये हवा मावण्याइतकी जागाच नसते. अशा वस्तूला माणसाच्या हाताची ऊबही फार होते.

मोजमापाच्या प्रगतीविषयी वाचताना आपल्या डोळ्यांपुढे अधिकाधिक बारीक पट्टी येते. मिलिमीटर, मग मायक्रॉन, मग नॅनोमीटर. मला ते चित्र अपुरं वाटतं. माझ्या मायक्रोमीटरला मायक्रॉन दिसत होता, तरी उत्तर चुकलं. खरी प्रगती होते ती चूक कुठून येते हे कळल्यावर, आणि उपकरणाची रचनाच अशी करता आल्यावर, की ती चूक आपोआप कटेल.

याचं एक जुनं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी जॉर्ज एव्हरेस्ट १८३० साली इंग्लंडहून परतले, तेव्हा त्यांनी थॉमस कोल्बी यांच्या रचनेच्या दुहेरी पट्ट्या आणल्या. दहा फुटांची एक पट्टी लोखंडी, तिला समांतर दुसरी पितळी, दोन्ही मध्यावर जखडलेल्या. टोकांना दोन्ही पट्ट्यांना जोडणारी आडवी जीभ आणि तिच्यावर एक ठिपका. ऊन वाढलं की पितळ जास्त वाढतं, लोखंड कमी, त्यामुळे जीभ तिरकी होते. ठिपका अशा जागी ठेवलेला, की जीभ कितीही तिरकी झाली तरी तो जागचा हलत नाही. धातूचं वाढणं थांबवण्याच्या भानगडीत कोल्बी पडलेच नाहीत. एकाची वाढ त्यांनी दुसऱ्याच्या वाढीने कापली. पुढे शार्ल एदुआर गियोम यांनी उन्हाने जेमतेम वाढणारा इन्व्हार हा मिश्रधातू शोधला आणि १९२० चं नोबेल मिळवलं. तोही मोठा शोध, पण माझं मन त्या तिरक्या जिभेत जास्त रमतं.

आपल्याकडे हिशेबाच्या कागदाखाली लिहायची पद्धत आहे: चू. भू. द्या. घ्या. प्रयोगशाळेच्या प्रत्येक चांगल्या मापाखाली हेच लिहिलेलं असतं, फक्त तिथे चूकभूल किती, तेही आकड्यात सांगावं लागतं. माप लिहून पुढचा अधिक-उणे आकडा न लिहिणारा माणूस अर्धीच गोष्ट सांगतो.

हाच विचार पुण्यापासून ८० किलोमीटरवर, नाशिक रस्त्याला नारायणगावजवळ खोडदच्या माळावर उभा आहे. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. पुणे विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवतं. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. एका तबकडीच्या तोंडाचं क्षेत्रफळ शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पावणेसोळा गुंठे!

विज्ञान दिनाला तिथे लोकांची झुंबड उडते. एका वर्षी मी तबकडीखाली उभा होतो. वर पाहिलं तर जाळीतून आरपार आभाळ. शेजारचे एक आजोबा नातवाला म्हणाले, "यातून पाऊस गळतो, मग लहरी कशा अडतील?" रास्त प्रश्न. उत्तर स्वयंपाकघरातच आहे. मायक्रोवेव्हच्या दारातल्या जाळीतून आतलं अन्न दिसतं, पण आतली सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची लहर त्या बारक्या भोकांतून बाहेर पडू शकत नाही. भोक लहरीपेक्षा खूप लहान असेल, तर लहरीच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे सलग पत्राच. जीएमआरटी ज्या लहरी टिपते, त्यांतल्या अगदी आखूड लहरीही २० सेंटिमीटरच्या आसपास, आणि लांब लहरी मीटरच्या घरातल्या. जाळीची भोकं मध्यभागी दहा मिलिमीटरची, कडेला वीसची. तार जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची.

हे डिझाइन रेडिओ खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांचं. पावणेसोळा गुंठ्यांचा सलग पत्रा वाऱ्यात उभा करायचा तर सांगाडा अजस्र लागला असता आणि खर्च आभाळाला भिडला असता. स्वरूप यांनी आधी विचारलं, की अचूकता किती पुरे? तबकडीचा पृष्ठभाग आदर्श आकारापासून सरासरी लहरीच्या विसाव्या भागाइतका चुकला, तरी दोन तृतीयांश शक्ती केंद्रावर पोचते. २१ सेंटिमीटरच्या लहरीला विसावा भाग म्हणजे सेंटिमीटरभर. दोन मीटरच्या लहरीला दहा सेंटिमीटर! दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीचा आरसा याच न्यायाने नॅनोमीटरच्या हिशेबात घासावा लागतो. इथे सेंटिमीटर पुरत होता, मग पोलादी नळ्यांच्या सोळा कमानींमध्ये तारेचे दोर ताणले, त्यांवर जाळी बांधली आणि सपाट तुकड्यांचीच वाटी तयार केली. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका, म्हणून तीस तबकड्या परवडल्या. सुतार सुतात मोजतो आणि त्याचा दरवाजा बरोबर बसतो. मायक्रॉनचा हट्ट त्याने धरला, तर घराला दार लागायचंच नाही. कामाला पुरेशी अचूकता नेमकी ओळखणं ही मला डिझाइनमधली सगळ्यात अवघड विद्या वाटते, आणि स्वरूप यांच्याकडे ती होती.

तबकडीच्या आकाराची चूक अशी परवडली. पण दुसरी एक चूक परवडण्यासारखी नव्हती. तीसपैकी चौदा तबकड्या मधल्या एका चौरस किलोमीटरच्या परिसरात, बाकी सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर, एकमेकींपासून जास्तीत जास्त २५ किलोमीटरवर. एखाद्या आकाशगंगेची तीच लहर प्रत्येकीकडे थोड्या वेगळ्या वेळी पोचते. दोन-दोन तबकड्यांच्या जोड्या लावून हा फरक मोजायचा आणि सगळ्या जोड्यांमधून चित्र उभं करायचं. अडचण अशी, की प्रत्येक तबकडीच्या डोक्यावरचं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर, वेगळं आणि तिचं इलेक्ट्रॉनिक्सही वेगळं. त्यामुळे लहरीला तिथे किती जास्तीचा उशीर झाला, हे कुणालाच ठाऊक नसतं.

यावरची युक्ती रेडिओ खगोलशास्त्रज्ञ रॉजर जेनिसन यांनी १९५८ मध्ये इंग्लंडमध्ये मांडली. अ, ब, क या तीन तबकड्या घ्या. अ-ब जोडीच्या मापात अ ची चूक जमेला आणि ब ची खर्चाला. ब-क जोडीत ब जमेला, क खर्चाला. क-अ जोडीत क जमेला, अ खर्चाला. तिन्ही मापांची बेरीज केली की प्रत्येकाची चूक एकदा जमा, एकदा खर्च. खातं निल! स्रोत अगदी ठिपक्यासारखा असेल तर बेरीज शून्य येते. शून्य आली नाही, तर जे उरलं ते तबकड्यांचं नसून स्रोताच्या आकाराचं असतं. कुठल्याही तबकडीची चूक किती होती हे न कळताही आकाशाबद्दल एक खरी गोष्ट हाती लागते.

आता तीस तबकड्यांकडे या. जोड्या किती? तीस गुणिले एकोणतीस भागिले दोन, म्हणजे ४३५. अज्ञात उशीर फक्त तीस, मोजमापं ४३५. मापं इतकी वरचढ असली, की संगणक चुका आणि चित्र दोन्ही एकदमच सोडवतो. चुका मोजून बाजूला काढतो आणि मागे चित्र ठेवतो. जगभरच्या अनेक तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणी आज याच पायावर चालतात. मला हे गणित पहिल्यांदा समजलं त्या रात्री कोल्बींच्या पट्ट्यांवरची ती तिरकी जीभ आठवली होती.

खोडदचं सगळ्यात नाजूक काम गेल्या दशकात सुरू झालं. तबकड्या त्याच ठेवून त्यांचे कान आणि मेंदू बदलले. नव्या रिसीव्हरांमुळे दुर्बीण आता खूप रुंद पट्ट्यांत ऐकू शकते. ते नाजूक काम म्हणजे पल्सारांच्या ठोक्यांची वेळ मोजणं. पल्सार म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारे, दर फेरीला रेडिओ लहरींचा एक ठोका देणारे न्यूट्रॉन तारे. त्यांच्या ठोक्यांवर घड्याळ लावावं इतके काही पल्सार नियमित असतात. पृथ्वी आणि पल्सार यांच्यामधून अतिदीर्घ गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-दाबत जाणारी लहर गेली, तर ठोके किंचित लवकर किंवा उशिरा येतील. किंचित म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास.

आणि वाटेत काय आहे? ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत विरळ विद्युतभारित वायू आहे. त्यातून येताना लांब लहरींना जास्त उशीर होतो. पीएसआर जे १९०९−३७४४ हा पल्सार सेकंदाला ३३९ फेऱ्या मारतो. त्याचा एकच ठोका ४०० मेगाहर्ट्झला (लांब लहर) आणि १,४०० मेगाहर्ट्झला (आखूड लहर) ऐकला, तर दोन्हींत सुमारे पाव सेकंदाचं अंतर पडतं. शोधायच्या परिणामाच्या पंचवीस लाखपट! शिवाय हा वायू एका जागी थांबत नाही, सूर्यापासून निघणारा वाराही त्यात भर घालतो, त्यामुळे हा उशीर महिन्यागणिक थोडा थोडा बदलतो.

इथे कमी कंप्रतेची, म्हणजे लांब लहरी ऐकणारी दुर्बीण कामी येते. चूक जिथे मोठी, तिथेच ती नीट मोजता येते. इंडियन पल्सार टायमिंग ॲरेचा गट जीएमआरटीच्या तबकड्यांचे गट पाडून एकाच वेळी वरच्या आणि खालच्या पट्टीत तोच पल्सार ऐकतो. दोन्हींतल्या फरकावरून त्या दिवशीचा वायू मोजला जातो आणि ठोक्याच्या वेळेतून वजा होतो. माझ्या फ्लँजच्या वेळी शेडमधलं तापमान लिहून ठेवलं असतं, तर मलाही हेच करता आलं असतं.

जून २०२३ मध्ये युरोपीय आणि भारतीय गटांनी पंचवीस पल्सारांचा एकत्रित अभ्यास जाहीर केला. इथेही जोड्याच आहेत, पंचवीस पल्सारांच्या ३००. पृथ्वीवरचं घड्याळ चुकलं तर सगळे पल्सार सारखेच चुकतात. सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याची जागा चुकली तर चूक आकाशाच्या एका बाजूला अधिक आणि विरुद्ध बाजूला उणी दिसते. गुरुत्वीय लहरीची खूण तिसरीच आहे. दोन पल्सारांमधल्या कोनानुसार त्यांच्या ठोक्यांतलं साम्य एका ठरावीक वक्राने बदलतं. रोनाल्ड हेलिंग्स आणि जॉर्ज डाउन्स यांनी तो वक्र १९८३ मध्येच काढून ठेवला होता. प्रत्येक चुकीचा चेहरा वेगळा, म्हणून गर्दीतून हवी ती ओळखता येते.

निकालात त्या वक्राच्या खुणा होत्या. बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना जी लहरींची गुणगुण विश्वभर पसरते, तिच्या त्या खुणा. पण भौतिकशास्त्रात 'शोध' म्हणायला पाच सिग्मांची खात्री लागते (सिग्मा जितके जास्त, तितकी तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी), आणि या मापाची खात्री तीन सिग्मांच्या आसपास होती. पंचवीस वर्षांची निरीक्षणं आणि तीनशे जोड्या हाती असूनही त्या शास्त्रज्ञांनी शोधनिबंधात 'शोध लागला' असं लिहिलं नाही. 'पुरावा' लिहिलं, आणि आकड्यापुढे आपली चूकभूल.