मिग-२१चं कॉकपिट आणि पितळाचा ताव

धातू लाल करून पाण्यात बुडवला की कडक होतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. लोहार कोयत्याला पाणी पाजतो ते पाहून झालेली ही समजूत. कोयत्यापुरती ती खरीही आहे. पितळाला लावली की मात्र उलटी पडते. विमानांची स्केल मॉडेल करणाऱ्यांना हे माहीत असायलाच हवं, नाशिककरांना तर जरा जास्तच. मिग-२१ हे लढाऊ विमान बांधण्यासाठी नाशिकजवळ ओझरला १९६४ साली कारखाना उभा राहिला आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढला हे विमान हवाई दलातून निवृत्त झालं. आता ते टेबलावर उभं करायचं म्हटलं, तर घोडं अडतं ते कॉकपिटपाशी.

१/३२ प्रमाणात उपकरणाची ८० मिमीची तबकडी अडीच मिमीची होते आणि वैमानिकाला बांधायचा ४५ मिमी रुंदीचा पट्टा १.४ मिमीचा. किटमधल्या प्लास्टिकच्या भागाची कड अर्धा ते पाऊण मिमी जाड असते. खऱ्या विमानाच्या मापात ही जाडी १६ ते २४ मिमी झाली! अशा पत्र्याची खुर्ची रणगाड्यात शोभेल, लढाऊ विमानात नाही. म्हणून खुर्चीच्या कडा, थ्रॉटलचे कंस, पेडल आणि कंट्रोल स्टिकवरचा ब्रेकचा दांडा हे भाग ०.१ ते ०.२ मिमीच्या पितळी पत्र्यातून आणि बारीक तारेतून घरीच घडवावे लागतात. (मिग-२१ चा ब्रेक पेडलवर दाबायचा नसतो, त्याचा दांडा स्टिकवर असतो. तो विसरलात तर जाणकार पहिलं बोट तिथेच ठेवतील.)

पत्रा आणला, चौकोनी कंस कापला, पकडीत धरून काटकोनात वळवला आणि घडीवर तडा गेला. सरळ करून पुन्हा वळवायला जावं तर तुकडाच हातात. दोष हाताला दिला जातो, पण तो बहुतेक वेळा पत्र्याच्या अवस्थेत असतो.

वाकताना पत्र्याची आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते. किती ताणली जाते, ते जाडीला 'आतल्या त्रिज्येची दुप्पट अधिक जाडी' या बेरजेने भागलं की कळतं. ०.२ मिमीचा पत्रा ०.२ मिमी त्रिज्येत वळवला, तर ०.२ भागिले ०.६, म्हणजे ३३ टक्के. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं पितळ कडक अवस्थेत ओढून पाहिलं, तर साधारण ८ टक्के लांबून तुटतं. तेच मऊ करून ओढलं तर ६० टक्क्यांच्या पुढे जातं. धातू तोच, वजन तेच, रंगही तोच. मग फरक पडतो कशाने?

तांब्या-पितळात अणू थरांवर थर रचलेले असतात आणि धातू वाकतो म्हणजे हे थर एकमेकांवरून सरकतात. अख्खा थर एकदम सरकवायला किती जोर लागेल याचा हिशेब केला, तर उत्तर प्रत्यक्षापेक्षा हजारो पट मोठं येतं. हे कोडं १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे सोडवलं. थर एकदम सरकतच नाही. कार्यालयातलं भलं मोठं जाजम ओढून हलत नाही, पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की जाजम बोटभर सरकतं. धातूत तसंच घडतं. अणूंच्या रचनेतल्या या सुरकुतीवजा रेषेला डिसलोकेशन म्हणतात. ती थरातून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली की थर एका अणूएवढा पुढे जातो.

डिसलोकेशन आहेत म्हणून धातू वाकतो. गंमत अशी की त्या फार झाल्या की तो वाकेनासा होतो. मऊ धातूच्या एका चौरस सेंटिमीटरमधून अशा दहा लाख ते दहा कोटी रेषा जातात. लाटून पत्रा केला, ठोकला, वाकवला की त्या वाढत वाढत दहा हजार कोटींच्याही वर जातात. वेगवेगळ्या दिशांच्या थरांमधल्या रेषा एकमेकींना आडव्या येतात, गुंततात, गाठी बसतात आणि कुणालाच पुढे सरकता येत नाही. दुकानातला पत्रा लाटणातून कडक होऊनच आलेला असतो. तुम्ही घडी घालता तेव्हा त्या जागी उरलीसुरली वाटही बंद होते.

पितळ हे तांब्यापेक्षा लवकर कडक होतं, त्याचं कारण आणखी खोलात आहे. जस्त मिसळलं की थरांच्या रचनेतली चूक ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडते. त्यामुळे प्रत्येक डिसलोकेशन दोन अर्ध्या रेषांत फुटते आणि दोघींमध्ये चुकीच्या रचनेची एक फीत पसरते. अशा फुटलेल्या जोडीला अडथळा आला तर बाजूच्या उताराच्या थरावर उडी मारता येत नाही. त्यासाठी आधी दोघींना एकत्र यावं लागतं आणि ते महाग असतं. तांब्यात ही फीत अरुंद असते, म्हणून तिथे सुटका सोपी. हे सगळं ध्यानात राहिलं नाही तरी चालेल, निवड ध्यानात ठेवा. खुर्चीच्या पाठीसारखा दोन दिशांनी वळणारा भाग तांब्यातून करावा, ताठ राहायला हवा तो दांडा पितळातून.

आता ताव, म्हणजे मऊ करण्यासाठी पत्रा तापवणं. पत्रा तापला की अडकलेल्या रेषांमध्ये साठलेली ऊर्जा बाहेर पडायला वाट शोधते. पितळात साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसला जुन्या गुंतलेल्या स्फटिकांच्या (एकाच दिशेने रचलेल्या अणूंच्या कणांच्या) पोटात नवे, स्वच्छ स्फटिक जन्मतात आणि जुन्यांना खाऊन टाकतात. गुंता सुटत नाही, गुंतलेला भागच नाहीसा होतो. म्हणून नंतर सावकाश थंड करा की पाण्यात टाका, पितळ मऊच राहतं. पोलादाची गोष्ट वेगळी: तापल्यावर त्याची रचना बदलते, झटकन थंड केलं की कार्बन आत कोंडला जातो आणि तो कोंडलेला कार्बन पोलाद कडक करतो. या पितळात कोंडण्यासारखं काही नाही.

तापमान मोजायला उपकरण लागत नाही. अंधारात कुठलाही घन पदार्थ साधारण ५२५ अंशांना नुकताच लालसर दिसू लागतो, म्हणजे नेमका आपल्याला हवा तिथेच. पण हे काम सावलीत, पडदे ओढून करायचं. दुपारच्या उजेडात लाली दिसेपर्यंत पत्रा कितीतरी पुढे गेलेला असतो. शिवाय तुकडा फार लहान. १० मिमी लांब, २ मिमी रुंद, ०.१ मिमी जाड पट्टीचं वजन १७ मिलिग्रॅम. ती ६०० अंशांनी तापवायला ४ ज्यूलही लागत नाहीत. एवढ्या उष्णतेत एक मिलिलिटर पाणी एक अंशही तापणार नाही. थेट ज्योतीत धरली तर ती पापणी लवायच्या आत लाल होऊन वितळूही शकते. म्हणून एक मिमी जाडीच्या पोलादी पट्टीवर तुकडा ठेवावा, पट्टी खालून तापवावी, पट्टी मंद लाल दिसली की दहा सेकंदांत ज्योत बाजूला. खिडकी उघडी हवी, कारण पितळ जास्त तापलं तर जस्ताची वाफ निघते.

जास्त वेळ ठेवल्याने पत्रा 'अजून मऊ' होत नाही. नवे स्फटिक एकमेकांना गिळत मोठे होतात. स्फटिक ०.१ मिमीचा झाला की ०.१ मिमीच्या पत्र्यात जाडीभर एकच स्फटिक उरतो. प्रत्येक स्फटिक आपल्या सोयीच्या दिशेने वाकतो आणि घडीवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. रंगाखाली तो लपत नाही, उलट उठून दिसतो.

क्रम महत्त्वाचा आहे. कापणं, भोकं पाडणं आणि कानस मारणं हे पत्रा कडक असतानाच उरकावं. मऊ पितळ कानशीत चिकटतं आणि भोकाच्या कडेला काटे सोडतं. ड्रिलची धार तेलाच्या दगडावर किंचित बोथट करून घ्यावी, नाहीतर ते पितळात घुसतं आणि पत्रा गरकन फिरवतं. घडीच्या आतल्या रेषेवर निम्म्या जाडीपर्यंत खाच पाडावी, मग ताव द्यावा, मग वळवावं. वळवायची रेष लाटणाच्या दिशेला आडवी हवी. पत्र्यावरचे बारीक समांतर ओरखडे ती दिशा सांगतात. तावाने आलेला काळा थर काढायला गरम पाण्यात लिंबूफूल पुरतं, १०० मिलिलिटरला दोन चमचे. त्यात लोखंडी चिमटा बुडवू नका, पितळावर तांब्याचा लाल मुलामा चढतो.

घडी झाली, पण दांडा लेचापेचा वाटतो? गुळगुळीत पोलादी सळईने दाबून घासा. जुन्या नाशकातले तांबट हंडा मठारतात, म्हणजे ठोके मारून घट्ट करतात, तेव्हा हेच करतात: आधी भट्टीत मऊ, मग घणाखाली आकार आणि शेवटच्या मठारण्यात पुन्हा कडक. ठोक्यांची नक्षी दिसते म्हणून तिला लोक शोभा समजतात, पण हंड्याला पोचे पडत नाहीत ते तिच्यामुळे.

फोनच्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या जाहिरातींत 'विमानाच्या दर्जाचं ॲल्युमिनियम' असतं. असा एकच दर्जा अस्तित्वात नाही. २०२४, ६०६१, ७०७५ हे वेगवेगळ्या गुणांचे मिश्रधातू विमानात वापरतात, आणि शब्द छापल्याने बाटली उडत नाही. मॉडेलला शीतपेयाच्या डब्याचा पत्राही चालतो, सुमारे ०.१ मिमीचा, पण तोही लाटून कमालीचा कडक केलेला असतो. त्याला ताव देताना लालीची वाट पाहू नये. ॲल्युमिनियमची लाली फार फिकी असते, ती नजरेत यायच्या आतच ते वितळतं. त्यावर कपड्याचा साबण घासायचा, साबण काळा पडला की ज्योत काढायची.

तारांसाठी अर्धा चौरस मिमीची लवचिक वायर सोला: आत ०.२ मिमीच्या १६ तांब्याच्या तारा मिळतात. त्याहून बारीक तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. एक टोक शिकंज्यात धरून दुसरं पकडीने ओढा. तार किंचित 'सुटल्याचं' हाताला जाणवलं की थांबा. ती सरळही होते आणि थोडी ताठही. वैमानिकाच्या पट्ट्यांसाठी जुने कारागीर शिशाचा पातळ पत्रा वापरतात आणि त्याला ताव लागत नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे खोलीचं तापमानच त्याला नवे स्फटिक घडवायला पुरतं. पण लाकडी कपाटातल्या आम्लाच्या वाफेने त्याची पांढरी भुकटी होते, शिवाय ते विषारी. कथलाची फॉइल बरी.

एक धोका उशिरा कळतो. इंग्रजांच्या काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात कोंडलेला ताण, दोन्ही एकत्र आले की हे घडतं, असं १९२१ साली नीट उलगडलं. आपल्या टेबलावर घोडे नाहीत, पण काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो आणि कल्हईचा नवसागर तापला की अमोनिया सोडतो. वळवलेला भाग त्यापासून लांब ठेवावा आणि ओव्हनमध्ये २५० अंशांना तासभर ठेवून ताण उतरवावा. कडकपणा फारसा जात नाही. हे सोल्डरिंगच्या आधी करायचं. नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि जोडलेलं पेडल ओव्हनमध्ये सुटून पडतं.