क्रियात्मक गट

कार्बनी संयुगाच्या रेणूतील ज्या अणूमुळे, अणुसमूहामुळे किंवा बंधामुळे त्या संयुगाला ठराविक रासायनिक गुणधर्म येतात, त्याला क्रियात्मक गट म्हणतात. कार्बनची साखळी आखूड असो वा लांब, गट तोच असेल तर अभिक्रियाही बहुधा त्याच होतात. इथेनॉल आणि डायमिथिल ईथर यांचे रेणुसूत्र एकच आहे: दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. इथेनॉलमध्ये ऑक्सिजनला एक हायड्रोजन जोडलेला असतो, हा हायड्रॉक्सिल गट. ईथरमध्ये ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मधे बसतो. एवढ्याने इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, तर ईथर उणे २४ अंशांच्या आसपासच. वोलर आणि लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८३२ मध्ये कडू बदामाच्या तेलावर काम करताना दाखवले, की एकामागून एक अभिक्रिया होऊनही अणूंचा एक समूह जसाच्या तसा राहतो. या कल्पनेचे मूळ तिथे सापडते.

रावेर-यावलकडच्या केळीच्या वखारीत शिरताच जो घमघमाट येतो, त्यात आयसोअमाइल अॅसिटेट या एस्टरचा, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांपासून होणाऱ्या संयुगाचा, वाटा मोठा. केळी पिकवणारा इथिलीन वायूही याच प्रकरणात येतो. त्यातला कार्बन-कार्बन दुहेरी बंध हाच त्याचा क्रियात्मक गट. प्रयोगशाळेत आयसोअमाइल अल्कोहोल व अॅसेटिक आम्ल घेऊन, तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे चार थेंब टाकून परीक्षानळी गरम पाण्यात धरली, की थोड्या वेळात केळ्याचा वास येतो. मधमाशी डंख मारताना इतर माश्यांना सावध करते, तेही मुख्यतः याच एस्टरने.

सातपुड्यात मोहाची फुले आंबवली की साखरेचे इथेनॉल होते. ते हवेत उघडे राहिले तर जिवाणू त्याचे अॅसेटिक आम्ल करतात. कार्बन दोनच राहतात. हायड्रॉक्सिलच्या जागी कार्बॉक्झिल हा आम्लाचा गट येतो आणि द्रव आंबट होतो. नावाचा शेवटही गटाप्रमाणे बदलतो: अल्कोहोलला ‘ऑल’, अल्डिहाइडला ‘आल’, कीटोनला ‘ओन’. इथेनॉल आणि इथेनाल यांत एका मात्रेचा फरक आहे आणि पेपरात गुण जातात ते बहुतेक तिथेच.

मात्र एकटा गट सगळे ठरवतो, असे नाही. नंदुरबारच्या मिरचीतल्या कॅप्सायसिनमध्ये अमाइड आणि फिनॉलिक हायड्रॉक्सिल दोन्ही आहेत, पण त्याची कार्बनी शेपटी लांब असल्याने ते पाण्यात फारसे विरघळत नाही. ठेचा झोंबला तर पाण्यापेक्षा दूध बरे. कपाशीच्या सेल्युलोजमध्ये प्रत्येक ग्लुकोज एककावर तीन हायड्रॉक्सिल असतात, म्हणून सुती सदरा घाम टिपतो. पॉलिस्टरमध्ये केळ्याच्या वासातलाच एस्टर गट असतो, पण हजारो अणूंची ती साखळी उडून नाकापर्यंत पोहोचत नाही. शेंगदाण्याचे तेलही एस्टरच. कॉस्टिक सोड्याबरोबर तापवले की केळ्याच्या वासाचा एस्टर, पॉलिस्टर आणि तेल या तिन्हींतले एस्टर बंध तुटतात. साबण मात्र तेलाचाच होतो.